ओलेटाला न सांगितलेली जागा

बकआय घळीत आपल्या आधी कुणीतरी येऊन गेलंय, हे ओलेटा रॅटलिफला ऑगस्टच्या अखेरीस कळलं आणि त्या दिवसापासून तिचं कामातून चित्त उडालं.

तसं काम तिच्या आवडीचं. जिल्ह्याने कोळसा कंपनीकडून एक अख्खी टेकडी विकत घेतली होती आणि तिथे लोकांना फिरायला पायवाट काढायची होती. वाट कुठून न्यायची, माणसाला कुठे थांबवायचं, थांबल्यावर काय दाखवायचं आणि फलकावर काय लिहायचं, हे सगळं ओलेटाने ठरवायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठंसं, हिंडायचं आणि पाट्या लावायच्या! पण जंगल चारही ऋतूंत पायाखालून घातल्याशिवाय पाटी लावू नये. एप्रिलमध्ये जिथे ट्रिलियमची पांढरी फुलं पाऊल टाकायला जागा ठेवत नाहीत, तिथे जुलैत नुसता पाचोळा असतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका अतिशहाण्याने भर एप्रिलात सगळे फलक रोवून टाकले. आता तिथे उरलेलं वर्षभर लोक पाचोळ्यापुढे उभे राहून फुलांचं वर्णन वाचतात. ओलेटा त्यातली नव्हती. तिने बर्फापासून टेकडी तुडवायला सुरुवात केली होती. वाट जाईल तिथे पिवळी फीत, फलक येईल तिथे निळी फीत, अशी ती झाडांना बांधत आली होती. बकआय घळ तेवढी राहिली होती.

घळीचं तोंड उत्तरेला, म्हणून ती गार आणि ओली. वर शुगर मेपल आणि ट्यूलिप पॉप्लर, खाली हंसराज नेचा, आणि त्याखाली काळी भुसभुशीत माती. अशा जागी मुळी असणारच, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मुळी म्हणजे जिनसेंग, औषधाला जाणारी आणि भारी किमतीला विकली जाणारी. पण केंटकीच्या या डोंगरांत तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. 'मुळी काढायला गेलाय' म्हटलं की पुरे होतं, आणि 'कुठे?' असं विचारणाऱ्याला पुन्हा जेवायला बोलावत नाहीत.

मुळी होती. पुष्कळ होती. पण एकाही झाडाला पान नव्हतं, नुसत्या बोटभर काड्या उभ्या. ओलेटाला आधी हरणांचा संशय आला. पण हरणाने खाल्लं की देठ ओरबाडलेला असतो. हे देठ नखाने खुडलेले होते. ती गुडघ्यांवर बसली आणि शेजारचा कुजका ओंडका तिने जरासा उचलला. खुडलेली पानं त्याच्याखाली होती, एकूण एक पालथी घातलेली. मग तिने एका काडीच्या चढाकडच्या बाजूला बोटाने माती उकरली. तिची लाल फळं तिथे दाबलेली होती.

"बब," ती मोठ्याने म्हणाली. आसपास चिटपाखरू नव्हतं.

मुळी काढायचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. तोवर तिची पानं पिवळी पडतात आणि चोराला लांबूनही दिसतात, म्हणून जाणते लोक ती आधीच खुडून ठेवतात. जमिनीतल्या मुळीचं त्याने काही बिघडत नाही. खुडणारे पुष्कळ आहेत, पण ते पानं भिरकावून देतात. ती ओंडक्याखाली पालथी घालणारा माणूस ओलेटाच्या माहितीत एकच होता, तिचे वडील. पालथं पान लवकर कुजतं असं ते म्हणायचे. खरं की खोटं, देव जाणे. फळं चढाकडे लावायची रीतही त्यांचीच. बी आपसूक उताराला जातं, चढाला आपण न्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी ही रीत शिकवली ती दोघांनाच. एक ओलेटा आणि दुसरा व्हर्लिन, तिचा थोरला भाऊ, तिचा बब, ज्याचं तोंड तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

म्हणजे तो येतो. तिच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर येतो आणि दार न वाजवता परत जातो. तिला इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं, की तिथेच ओल्या मातीत बसून ती रडली.

मुळीची जागा मरताना सांगायची असते, आणि तीही एकालाच. वडिलांच्या फुप्फुसांत खाणीची धूळ बसली होती. शेवटच्या दिवशी त्यांनी ओलेटाला कॉफी करायला स्वयंपाकघरात पाठवलं आणि तेवढ्यात व्हर्लिनला जागा सांगून टाकली. वनस्पतिशास्त्र शिकलेली लेक आत कॉफी ढवळत राहिली. ती कप घेऊन आली तेव्हा दोघेही गप्प होते आणि व्हर्लिन तिच्याकडे बघत नव्हता. ओलेटाला मुळीचे पैसे नको होते. आपल्यालाही कुणी विश्वासाने सांगावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तेव्हापासून तिच्या मनात सलत होतं.

पुढे दर सप्टेंबरला व्हर्लिन ओहायोतल्या कारखान्यातून रजा काढून यायचा. तिच्याकडेच उतरायचा, उजाडता उजाडता निघून जायचा आणि संध्याकाळी गुडघ्यांना माती लावून परत यायचा. ओलेटा त्याच्यापुढे घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव ठेवायची आणि विचारायची, "सांग ना रे बब, कुठे आहे ती जागा?"

"मरताना सांगेन, लेटी. तुला काय माझ्या मरणाची घाई झालीय?"

"थोडी थोडी."

दोघं हसायची. मग जिल्ह्याने ओलेटाला पहिल्या पायवाटेचं काम दिलं, आणि त्या वर्षी व्हर्लिन हसला नाही.

"जंगलात पाट्या लावणार तू? म्हणजे चोराचा हात धरून त्याला घरात नेणार."

"नाजूक झाडांच्या जागा आम्ही लिहीत नसतो, बब. तो आमचा पहिला नियम आहे."

"तुला सांगितलं नाही ते डॅडींनी बरंच केलं."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. ओलेटाने त्याच्यापुढची थाळी उचलली. तीत अजून अर्धं जेवण होतं. तो उठला, टोपी घातली आणि गेला. पुढच्या सप्टेंबरात आला नाही. फोन लागेना. नाताळचं कार्ड परत आलं. ती स्वतः ओहायोत डेटनला त्याच्या पत्त्यावर जाऊन आली, तर दारात भलतीच माणसं. शोधायचं तरी किती आणि कुठे? रक्ताचा एकच माणूस जगात उरलेला, आणि त्याने पाठ फिरवली की काय करतो माणूस? ताटं वाढताना चुकून दोन काढतो आणि एक परत ठेवतो.

घळीत त्या दिवशी तिने एकही फीत बांधली नाही.

ट्रेव्हा कोम्ब्स पायवाट समितीची प्रमुख. ओलेटाची शाळेपासूनची मैत्रीण आणि तोंडाची फटकळ. चार दिवसांनी तिने नकाशा टेबलावर पसरला.

"अगं बाई, घळीचं काय झालं? इथे नकाशाला भोक पडलंय. माणसं कामावर यायची वेळ आली."

"घळीतून वाट नको. ओढ्यापलीकडून नेऊ, कड्याच्या पायथ्याने."

"का म्हणून? अख्ख्या टेकडीत बघण्यासारखी तीच तर एक जागा."

"माती निसरडी आहे तिथे."

"तुझी जीभ निसरडी आहे." ट्रेव्हाने चष्मा कपाळावर चढवला. "वर्षभर मला फलकांचे मसुदे वाचायला देतेस. नेचे झाले, मेपल झाले, रानआलं झालं, साधं शेवाळंसुद्धा झालं. एका झाडाचं नाव मात्र कुठेच नाही. ज्याच्यावर आपल्या आज्यांनी पोरांना बूट घेतले, त्याचंच नाही."

ओलेटा नकाशाचा मुडपलेला कोपरा सरळ करू लागली.

"मी काही विचारलं का? मी काहीही विचारलेलं नाही," ट्रेव्हा म्हणाली आणि पेन्सिलीने वाट ओढ्यापलीकडे सरकवली. "माझे आजोबापण निसरड्या मातीतच जायचे. पण एक लक्षात ठेव. नव्या वर्षापासून त्या टेकडीवर काही उपटायला बंदी. पहारेकरी येणार. ज्याला कुणाला निसरड्या मातीत शेवटचं जाऊन यायचंय, त्याला म्हणावं हा हंगाम आहे."

म्हणजे व्हर्लिन आला तर याच हंगामात येणार. खुडलेल्या काड्या जमिनीत तशाच होत्या, त्यांच्या मुळ्या काढायला कुणीतरी येणारच होतं. नंतर मात्र त्याला इथे यायला कारणच उरणार नव्हतं, आणि कारणाशिवाय येणाऱ्यांतला तो नव्हता.

सप्टेंबर लागला आणि ओलेटा रोज सकाळी घळीत जाऊन बसू लागली. ओढ्यापलीकडे कामकरी झुडपं छाटत होते, त्यांना ती सांगायची की घळीतल्या नेच्यांची नोंद राहिलीय. नोंद कसली, ती डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होती. आल्यावर त्याला काय म्हणायचं हे तिने ठरवलं, मग बदललं. आधी रागवायचं ठरवलं होतं. मग नुसतं 'भूक लागलीय का?' म्हणायचं ठरवलं. त्याच्यासाठी ती सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या डब्यात घालून न्यायची. दुपारपर्यंत त्या गार व्हायच्या आणि ती स्वतःच खाऊन टाकायची. इतकी वर्षं तिने त्याच्यावाचून काढली होती, तेव्हा निभलं. आता तो येणार हे ठाऊक झाल्यावर एकेक सकाळ निभेना. पाचोळ्यात खार धावली तरी तिचा हात डब्याकडे जायचा.

एका शनिवारी पाचोळा खरोखर वाजला. जड, थांबत थांबत येणारी पावलं. ओलेटा उठून उभी राहिली. झाडांचे बुंधे धरत धरत वर आली ती एक बाई. पन्नाशीची, अंगावर निळं जाकीट, गुडघे दुखत असावेत. ती ओंडक्यापाशी वाकली आणि काड्यांवरून एकेक करत बोट फिरवू लागली.

ओलेटाच्या अंगाचा तिळपापड झाला. "ए बाई! हात काढ तिथून!"

बाई दचकून बसलीच. "मी काही काढत नाहीये. नुसती बघतेय, सगळ्या जागेवर आहेत का ते."

"ही जागा कुणी दाखवली तुम्हाला?"

"दाखवली नाही. सांगितली." बाईने धाप टाकली. "माझ्या नवऱ्याने सांगितली."

पुढचं ओलेटाला विचारावं लागलं नाही. या डोंगरांत माणूस जागा केव्हा सांगतो, ते तिला कुणी समजावून द्यायला नको होतं. तिने शेजारच्या पॉप्लरला हात टेकला. बाई अजून काहीतरी बोलत होती, ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"कधी गेला?" तिने विचारलं.

बाई बोलायची थांबली. तिने ओलेटाकडे नीट पाहिलं. "दोन हिवाळे झाले. तुम्ही त्याची बहीण. भिवया त्याच्याच आहेत."

"पण ही पानं..." ओलेटाने ओंडक्याकडे बोट दाखवलं. "ही पानं या ऑगस्टातली आहेत. मला वाटलं तो..."

"मी खुडली. वाईट खुडलीत का? मला यातलं काही येत नाही हो, मी शहरातली. त्याने मला हॉस्पिटलात शिकवलं. जेवणाच्या ताटात सेलरीची काडी यायची, ती घेऊन. इथे चिमटायचं, पान असं पालथं घालायचं. चादरीचा चढ केला होता, फळ म्हणून वाटाणे. मी हसायचे, तर रागवायचा."

"वाईट नाही खुडलीत," ओलेटा म्हणाली. "अगदी त्याच्यासारखी खुडलीत."

आणि मग ती रडली. यावेळी तिच्या रडण्यात आनंदाचा लवलेश नव्हता. रोज सकाळी ती ज्याची वाट बघत होती, तो तेव्हाही नव्हता, त्याआधीच्या सप्टेंबरातही नव्हता. ती बाई, तिचं नाव शार्लीन, ओंडक्यावर बसून राहिली. तिने समजूत घातली नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "खरं सांगू? मला राग होता तुमचा. भाऊ आजारी पडला, गेला, त्याला पुरलंही. बहिणीचा पत्ता नाही."

"मी आले होते डेटनला. दारात दुसरीच माणसं होती."

"ते त्याचं जुनं घर. लग्न झाल्यावर तो माझ्या घरी राहायला आला." शार्लीनने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. त्याला वाटायचं, तुम्ही कार्डसुद्धा पाठवत नाही. आणि स्वतः फोन करेल तर शपथ. तुमच्या घराण्यात सगळी अशीच का?"

"सगळी," ओलेटा म्हणाली. डोळे पुसता पुसता तिला हसू आलं आणि तेही पुन्हा रडण्यात गेलं. "पण शेवटी तरी बोलवायचं होतंत. मी धावत आले असते."

"मी म्हटलं होतं. दहादा म्हटलं, बहिणीला बोलावते. नाही म्हणाला. म्हणाला, तिला मरताना जागा सांगायचं कबूल केलंय. ती दारातून आत आली की मला मरावंच लागेल. थोडं थांबू." शार्लीन हाताची बोटं चोळत बसली. "डॉक्टर सांगत होते, थांबू नका. हा म्हणायचा, थोडं थांबू. उन्हाळा येऊ दे. आणि मग एका संध्याकाळी त्याचं त्यालाच कळलं असावं. मला म्हणाला, बस इथे. आणि सांगायला लागला. मला लेटी म्हणत होता. मी म्हटलं, अरे, मी शार्लीन. तर म्हणाला, ठाऊक आहे मला, गप्प ऐक आणि पाठ कर."

ओलेटाने खिशातली फीत काढून बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"ती जागा त्याने मला सांगितलीच नाही," शार्लीन म्हणाली. "तुला सांगितली. मी नुसती ऐकायला होते. आणि तुला येऊन सांगायचं सोडून मी दोन वर्षं राग धरून बसले, इथे यायचे, काड्या बघायचे आणि जायचे. आता तर तुझी तुलाच सापडली. आता काय उपयोग?"

"सांग," ओलेटा म्हणाली.

"काय?"

"जागा सांग मला."

"अगं, जागेवरच तर उभी आहेस."

"असू दे. तू सांग."

शार्लीनने तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात ठेवले, डोळे मिटले आणि शाळेत पाठ म्हणतात तसं सुरू केलं.

"'लेटी, जुन्या कोळसाघराच्या मागून ओढा धरायचा. ओढ्याचे दोन होतात तिथे लहान ओढा धर. मोठ्याचं पाणी छान दिसतं, पण भुलू नकोस, तुला पाणी बघत बसायची खोड आहे. मग चढ लागेल. इथे मला धाप लागते. तुला लागायची नाही, शेळीची जात तुझी. पण तू माझ्यासाठी थांब जरा.'"

शार्लीन गप्प झाली. ओलेटाला वाटलं ती विसरली.

"इथे तो बराच वेळ थांबला होता," शार्लीन डोळे न उघडता म्हणाली. "म्हणून मीपण थांबते." आणि थोड्या वेळाने, "'थांबलीस? आता डावीकडे बघ. एक पॉप्लर आहे, दोघांच्या कवेत मावणार नाही इतका. त्याच्या खाली सगळा हंसराज. तिथे पाय हळू टाक. डॅडी म्हणायचे, इथे बोलायचं नाही, पण तू बोल. तू आलीस की पोरी तिथे बोलत जा.' एवढंच. मग त्याने पाणी मागितलं."

ओलेटा त्याच पॉप्लरला पाठ लावून खाली बसली. ओढ्यापलीकडून कामकऱ्यांच्या करवतीचा आवाज येत होता, तो थांबला. जेवायची सुट्टी झाली असावी.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "लेटीपासून."

शार्लीनने पुन्हा सांगितलं, आणि थांबायची जागा आली तेव्हा दोघी थांबल्या.